स्पॅनिश तीनवर थांबावं की चारला जावं?

प्रश्न थोडक्यात असा आलाय. मुलगी सोफोमोर आहे, म्हणजे दहावीत, न्यू जर्सीत पब्लिक स्कूल. आठवीत स्पॅनिश १ झालं, नववीत २, आत्ता स्पॅनिश ३ ऑनर्स चालू आहे आणि मार्क ए मायनसच्या आसपास. पुढच्या वर्षी तिला स्पॅनिश सोडून त्या पिरियडला एपी (हायस्कूलमधेच शिकवला जाणारा कॉलेजच्या पातळीचा कोर्स, शेवटी त्याची परीक्षा) कॉम्प्युटर सायन्स घ्यायचंय, कारण कॉलेजला सीएस म्हणजे कॉम्प्युटर सायन्सच करायचंय. बाबांचं म्हणणं, सोड की, स्पॅनिशचं काय लोणचं घालायचंय. आईने कुठेतरी वाचलंय की मोठ्या कॉलेजांना भाषेची ४ वर्षं लागतातच. आणि जाता जाता विचारलंय की मुलगी ८ वर्षं रविवारच्या मराठी शाळेत जातेय, ते कुठे धरतात का.

आधी माझं सांगते म्हणजे माझा कल कुठे आहे ते तुम्हाला कळेल. मी १७ वर्षं इकडच्या एका पब्लिक हायस्कूलमधे गायडन्स काउन्सिलर आहे, त्याआधी थोडी वर्षं जर्मन शिकवलं, आणि ते जर्मन शिकले पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमधे. म्हणजे भाषेच्या बाजूने बोलणार हे गृहीत धरा. तरीसुद्धा दर वर्षी दोन-चार मुलांना मी स्वतः सांगते की बाबा रे सोड ती भाषा. तुमच्या मुलीला मात्र निदान ज्युनियर इयरला, म्हणजे अकरावीला, तरी सांगणार नाही. का ते खाली लिहिते, जरा लांबेल.

पहिली गोष्ट, कॉलेजं भाषेबद्दल दोन वेगवेगळे शब्द वापरतात आणि आपण पालक ते एकच समजतो. एक रिक्वायर्ड, दुसरा रेकमेंडेड. रिक्वायर्ड म्हणजे नसेल तर फॉर्मच कच्चा. असं खरोखर सक्तीचं करणारे फार थोडे, आणि त्यांचा आकडाही लहान असतो. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया घ्या, बर्कली यूसीएलए वगैरे सगळे कॅम्पस त्यात आले, त्यांना एकाच भाषेची २ वर्षं सक्तीची, ३ असली तर बरं. रटगर्सच्या आर्ट्स अँड सायन्सेसला २. एमआयटी तर २ वर्षं नुसतं सुचवते. हार्वर्ड आणि प्रिन्स्टन हे त्या वाचलेल्या बातमीतले, ते स्पष्ट लिहितात की एकाच परकीय भाषेची ४ वर्षं केलेली असावीत, पण तेही 'असावीत' या भाषेत, 'नसतील तर अर्ज पाठवू नका' असं कुठेही नाही. तुमच्या यादीतल्या प्रत्येक कॉलेजचं खरं काय ते बघायचं असेल तर कॉलेजचं नाव आणि कॉमन डेटा सेट एवढं सर्च करा, पीडीएफ मिळेल, त्यात सेक्शन सी ५ मधे एक छोटं टेबल असतं, इंग्लिश मॅथ सायन्स फॉरेन लँग्वेज आणि समोर दोन कॉलम, किती युनिट सक्तीची आणि किती सुचवलेली. पाच मिनिटांचं काम आहे, आणि कुणाच्या तरी मावसभावाने सांगितलेल्या ऐकीव माहितीपेक्षा हजारपट बरं.

पण (आणि इथेच बहुतेक जण घसरतात) जिथे शंभरातल्या तीन-चार मुलांना घेतात तिथे 'सुचवलेलं' या शब्दाचा अर्थ तुमच्या-माझ्या घरातल्यासारखा नसतो. लग्नपत्रिकेवर आहेर आणू नये असं छापतात आणि आपण तरी पाकीट घेऊनच जातो ना, साधारण तसं. सक्ती नाही, पण अर्ज करणाऱ्या बाकीच्या मुलांपैकी बहुतेकांनी ते केलेलं असतं.

आता वर्षं की लेव्हल. तुमच्या मुलीचं आठवीतलं स्पॅनिश १ धरलं तर दहावीच्या शेवटी तिच्या ३ लेव्हल झालेल्या असतील. बहुतेक कॉलेजं शेवटी कुठल्या लेव्हलपर्यंत पोचलीस ते बघतात, बाकावर किती वर्षं बसलीस ते नाही. यूसीने तर हे लिखितच ठेवलंय, सातवी-आठवीतला कोर्स चालतो आणि वरची लेव्हल पास झालीस की खालची आपोआप झाली असं धरतात. म्हणजे उद्या तिने स्पॅनिश सोडलं तर तिच्याकडे '३ वर्षं' आहेत, फक्त ट्रान्सक्रिप्टवर (कॉलेजला जाणाऱ्या हायस्कूलच्या गुणपत्रकावर) हायस्कूलची २च दिसतील, कारण कितीतरी स्कूल डिस्ट्रिक्ट मिडल स्कूलचा कोर्स ट्रान्सक्रिप्टवर छापतच नाहीत. हे आजच शाळेत विचारून घ्या. छापत नसतील तरी घाबरू नका, नववीत एकदम स्पॅनिश २ दिसलं की वाचणाऱ्याला कळतं की १ आधी झालंय, ते काही दुधखुळे नसतात.

ते वाचणारे नक्की काय बघतात ते माझ्या खुर्चीतून सांगते. कॉमन ॲपमधे, म्हणजे बऱ्याच कॉलेजांना चालणाऱ्या एकाच ऑनलाइन अर्जात, आम्हा काउन्सिलरांना एक स्कूल रिपोर्ट भरावा लागतो. त्यात एक प्रश्न असतो की तुमच्या शाळेत जे कोर्सेस उपलब्ध आहेत त्या मानाने या विद्यार्थ्याने घेतलेला अभ्यासक्रम किती अवघड होता, आणि खाली पर्याय, सगळ्यात वरचा मोस्ट डिमांडिंग, मग व्हेरी डिमांडिंग, मग नुसतं डिमांडिंग, असे खाली खाली. ऑक्टोबरमधे मी रात्री जेवणं झाल्यावर लॅपटॉप घेऊन डायनिंग टेबलवर बसते, एकेका मुलाचं ट्रान्सक्रिप्ट उघडते, आणि त्या एका ड्रॉपडाऊनवर कधीकधी दहा दहा मिनिटं अडते. समोर दोन मुलं असतात, दोघांना कॅल्क्युलस बीसी, दोघांना एपी फिजिक्स, दोघांचा जीपीए (मार्कांची सरासरी) सारखा, एकाने इंग्लिश, मॅथ, सायन्स, हिस्ट्री, भाषा हे पाचही विषय शेवटपर्यंत ओढलेत आणि दुसऱ्याने भाषा दहावीला सोडून त्या जागी एक हलकंफुलकं इलेक्टिव्ह घेतलंय. पहिल्याला मी सगळ्यात वरचा पर्याय देते. दुसऱ्याला द्यावासा वाटतो, पण हात थांबतो. कारण माझा हा शब्द कॉलेजवाले आमच्या स्कूल प्रोफाइलशी ताडून बघतात, त्यात शाळेत कोणते एपी आहेत त्याची यादी असते, आणि मी सगळ्यांनाच सगळ्यात वरचा पर्याय वाटत सुटले तर पुढच्या वर्षीपासून माझ्या शब्दाला काय किंमत राहणार.

सांगायचा मुद्दा, भाषा सोडली का हा प्रश्न ते सुटा विचारत नाहीत. सोडून काय घेतलं, हा विचारतात. आणि एकच विषय हळूहळू अवघड होत जाताना हा मुलगा किंवा मुलगी टिकली का, हे भाषेच्या रांगेत जितकं स्वच्छ दिसतं तितकं दुसऱ्या कुठल्या विषयात दिसत नाही. सायन्समधे एका वर्षी बायो, मग केमिस्ट्री, दर वर्षी पाटी जवळजवळ कोरी. भाषेत तसं नाही, स्पॅनिश २ मधे भूतकाळ कच्चा राहिला तर तो ४ मधे येऊन मानगुटीवर बसतो.

आपल्या लोकांची यात एक वेगळी गोची आहे आणि ती मी आमच्या घरातही बघितली. आपल्याकडे दहावीला संस्कृत का घेतात? स्कोअरिंग म्हणून. शंभरातले अठ्ठ्याण्णव पडतात म्हणून. अकरावीला फ्रेंच किंवा जर्मन का, तर तेच, टक्केवारी वर जाते म्हणून. मग बारावी संपली की विषयही संपला, पुढे आयुष्यात देवः देवौ देवाः एवढंच शिल्लक. मी कुणाची थट्टा करत नाहीये, मीही तशीच संस्कृत घेतलेली बाई आहे. पण हाच हिशोब आपण इकडे घेऊन येतो, की भाषा म्हणजे टक्के वाढवायचा विषय, जिथे टक्के घसरायला लागले तिथे सोडायचा. इकडे कॉलेजचा हिशोब जवळपास उलटा आहे, स्पॅनिश ४ ऑनर्समधला बी प्लस हा स्पॅनिश ३ नंतर सोडलेल्या ए पेक्षा कितीतरी वेळा चांगला दिसतो. कितीतरी वेळा म्हणते, नेहमी म्हणत नाही, सी यायला लागले तर गोष्ट वेगळी.

आता तुमच्या मुलीच्या वेळापत्रकाकडे येऊ, कारण माझा संशय असा आहे की मुळात स्पॅनिश विरुद्ध सीएस अशी लढाई नाहीचे. आमच्याकडे पालक हा प्रश्न घेऊन आले की मी आधी कोरा कागद काढते आणि पुढच्या वर्षीचे सगळे पिरियड एकाखाली एक लिहायला लावते. इंग्लिश, प्रीकॅल्क किंवा कॅल्क, सायन्स, यूएस हिस्ट्री, पीई-हेल्थ जे न्यू जर्सीत दर वर्षी करावंच लागतं, आणि मग उरलेले दोन, क्वचित तीन. त्या उरलेल्यात बहुतेक वेळा फायनान्शियल लिटरसी बसलेली सापडते, २.५ क्रेडिट, राज्याच्या नियमाने ग्रॅज्युएशनला लागतेच. ती खूप डिस्ट्रिक्टमधे समरला ऑनलाइन करता येते. जुलैमधे चार-पाच आठवडे रोज तास दोन तास, झालं, अर्ध्या वर्षाचा पिरियड मोकळा. आर्ट्सचे ५ क्रेडिट अजून व्हायचे असतील तर ते सिनियर इयरला, म्हणजे बारावीला, ढकला. आणि करिअर-टेक्निकलचे जे ५ क्रेडिट लागतात ते कॉम्प्युटर सायन्सच्या कोर्सने भागतात का तेही विचारा, बऱ्याच शाळांत भागतात. एवढं केल्यावर दहातल्या सात मुलांना दोन्ही विषय बसतात. एका आईबाबांनी माझ्यासमोर अर्धा तास या विषयावर वाद घातला, आवाज चढले, आणि शेवटी निघालं काय, तर पोराने स्टडी हॉल, म्हणजे नुसता बसून अभ्यास करायचा मोकळा पिरियड, घेतलेला होता आणि घरी सांगितलंच नव्हतं.

दोन्ही खरंच बसत नसतील, म्हणजे स्पॅनिश ४ आणि एपी सीएस एकाच पिरियडला ठेवलेत असं काही असेल, तर माझा सल्ला ज्युनियर इयरला स्पॅनिश आणि सिनियरला सीएस. उलटं नको. भाषेत मधे एक वर्षाची खिंड पडली की परत येणारं मूल मी फार क्वचित बघितलंय. सीएसचं तसं नाही, ती घरी बसून शिकतेय, प्रोजेक्ट करतेय, तिची आवड अर्जात दहा जागी दिसेल. सीएसला जायचं म्हणून एपी सीएस अकरावीलाच पाहिजे असं कुठल्याही कॉलेजने मला आजवर सांगितलेलं नाही, मॅथ मात्र भक्कम लागतं.

अजून एक, सीएसवाल्या पालकांना हे कुणी सांगत नाही. प्रिन्स्टनला सीएस दोन वाटांनी करता येतं, एबी आणि बीएसई, आणि एबीवाल्यांना कॉलेजात गेल्यावर भाषेची अट पुरी करावी लागते, इंजिनिअरिंगच्या बीएसईवाल्यांना नाही. कॉर्नेललाही सीएस इंजिनिअरिंगमधून होतं आणि आर्ट्स अँड सायन्सेसमधूनही, आणि आर्ट्सच्या बाजूला भाषा आहे. म्हणजे मुलीने हायस्कूलला सोडलेली भाषा एकोणिसाव्या वर्षी परत दारात उभी राहू शकते, आणि तेव्हा ती आठवड्याला चार-पाच दिवस सकाळी नऊच्या तासाला असते. एपी स्पॅनिशला चांगला स्कोअर असेल तर कितीतरी कॉलेजं ती अट माफ करतात किंवा वरच्या वर्गात बसवतात. ब्राऊनसारख्या ठिकाणी अशा अटी नाहीतच, तिथे प्रश्न मिटला.

एपी स्पॅनिशचं नाव काढलंच आहे तर, त्या परीक्षेला मी कितीदा तरी हॉलमधे उभी राहिलेय. एक भाग असतो ज्यात मूल हेडफोन लावून बसतं, पलीकडून रेकॉर्ड केलेला आवाज फोनवर बोलावं तसं काहीतरी म्हणतो, मग बीप, आणि २० सेकंदांत उत्तर द्यायचं, असं पाच वेळा. वर्षभर व्होकॅबच्या यादीत शंभर टक्के काढणारी मुलं त्या वीस सेकंदांतली पहिली आठ नुसती 'उम्म' करत घालवतात, आणि मागच्या बाकावरचा, घरी आईशी स्पॅनिश बोलणारा मुलगा आरामात खुर्चीत रेलून गप्पा मारतो. यावरून मुलं नाउमेद होतात, की स्कोअर मग त्यांनाच मिळणार. मिळू दे की. तुमच्या मुलीची तुलना त्याच्याशी होत नाही, जिच्या घरात स्पॅनिशचा एक शब्द नाही ती मुलगी इथवर आली हे वाचणाऱ्याला समजतं.

मग सोड असं मी कुणाला सांगते? मागे एक मुलगा होता, फ्रेंच ३ झालेलं, व्हायोलिनवर जीव. ऑर्केस्ट्रा आणि फ्रेंच ४ एकाच पिरियडला, आणि शाळेत फ्रेंच ४चा एकच वर्ग. त्याने ऑर्केस्ट्रा ठेवलं, मी शिफारसपत्रात दोन ओळीत लिहिलं की हा क्लॅश शाळेने तयार केलेला आहे, मुलाने पळवाट काढलेली नाही. बास. अशी कारणं काउन्सिलरच्या पत्रात आली की बरं, मुलाने ॲडिशनल इन्फॉर्मेशनमधे स्वतः लिहिलं तर ते कधीकधी रडगाण्यासारखं वाटतं. दुसरी, सायन्समधे खरंच बुडालेली एक मुलगी, तिने भाषा ३ला सोडून फिजिक्स आणि केमिस्ट्री दोन्ही एपी एकाच वर्षी घेतले. तिथेही काही अडलं नाही, कारण सोडलेल्या जागी अवघड विषय बसला. आणि तिसरी जात म्हणजे ज्यांना डिसलेक्सिया वगैरे निदान आहे. त्यांना भाषेचा हट्ट धरून रडवू नका, शाळेशी बोला, कागदावर आणा. अमेरिकन साइन लँग्वेज हाही पर्याय असतो, यूसी ती भाषा म्हणून धरते.

भाषा बदलू का, हा पुढचा प्रश्न येणारच म्हणून आधीच सांगते. स्पॅनिश ३ सोडून मँडरिन १ घेतलं तर कसं वाटेल? बहुतेक वेळा कसंतरीच वाटतं. हार्वर्ड-प्रिन्स्टन दोघंही मुद्दाम 'एकच भाषा' म्हणतात ते यासाठीच. दोन भाषांतून दोन-दोन वर्षं म्हणजे दोन्हीकडे 'माझं नाव अमुक, मला पिझ्झा आवडतो' एवढीच मजल. दुसरी भाषा हौसेने घ्यायची तर पहिली चालू ठेवून घ्या. आणि मँडरिन, जपानी अवघड म्हणून जास्त भाव मिळेल या आशेने घेऊ नका. अमेरिकन परराष्ट्र खात्याची स्वतःची भाषाशाळा आहे, फॉरेन सर्व्हिस इन्स्टिट्यूट, त्यांच्या हिशोबात स्पॅनिशसारख्या भाषेला पूर्णवेळ शिकूनही सहा-सात महिने लागतात आणि चिनी, जपानी, कोरियन, अरबीला ८८ आठवडे. तुमचं पोर दिवसातून ४५ मिनिटं शिकणार. आवडत असेल तर जरूर, लॅटिनही जरूर. लॅटिन घेतलेल्या एका मुलाची आजी सांगलीहून सहा महिने आलेली, नातू डिक्लेन्शनची, म्हणजे नामांची रूपं चालवायची, टेबलं पाठ करत होता, आजी म्हणाली अरे ही तर विभक्ती, आणि तिने शेजारी बसून त्याची तृतीया-चतुर्थी पक्की करून घेतली. त्यांच्या शिक्षकाला अजून कळलेलं नाही की पोरगा अचानक कसा सुधारला.

आता मराठी शाळा. हा भाग मला सगळ्यात जास्त विचारतात, आणि याचं उत्तर ना धड हो ना धड नाही.

एपी परीक्षा घेणाऱ्या कॉलेजबोर्डची मराठीची एपी नाही. हिंदीचीही नाही. भाषांच्या एपी आहेत त्या स्पॅनिश, फ्रेंच, जर्मन, इटालियन, चिनी, जपानी आणि लॅटिन. पूर्वी सॅट सब्जेक्ट टेस्ट असायच्या, त्या २०२१ मधे बंद झाल्या, त्यांच्यातही आपली कुठली भाषा नव्हती. त्यामुळे रविवारची ८ वर्षं आपोआप ट्रान्सक्रिप्टवर जात नाहीत, आणि 'मराठी ८ वर्षं म्हणून स्पॅनिश नको' हे समीकरण मी तरी मांडणार नाही.

पण वाया जातं का, तर अजिबात नाही. बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या (इकडच्या मराठी मंडळांच्या मध्यवर्ती संस्थेच्या) मराठी शाळांचा अभ्यासक्रम आहे, भारती विद्यापीठाच्या परीक्षा आहेत, तिची सर्टिफिकेट एका फाइलमधे ठेवा. काही डिस्ट्रिक्ट त्यावर हायस्कूलचे क्रेडिट देतात, बरेच देत नाहीत, तुमचा देतो का ते फक्त तुमचा डिस्ट्रिक्टच सांगेल. जास्त उपयोगाचं आहे ते सील ऑफ बायलिटरसी. हे कॅलिफोर्नियात सुरू झालं, २०११ चा कायदा, आता न्यू जर्सीतही आहे. इंग्लिश आणि आणखी एका भाषेत ठरलेली पातळी दाखवली की डिप्लोमावर आणि ट्रान्सक्रिप्टवर तशी नोंद होते. आपल्या राज्यात दुसऱ्या भाषेची पातळी इंटरमीजिएट मिड लागते. आणि मराठीची परीक्षा आहे, ॲव्हंट कंपनीच्या स्टॅम्प डब्ल्यूएस नावाच्या भाषापरीक्षेत मराठी आहे, त्यात लिहायचं आणि बोलायचं असतं. शाळेला माहीत नसेल. माझ्याच सुपरवायझरला माहीत नव्हतं, मी प्रिंटआउट नेऊन दाखवला. वर्ल्ड लँग्वेज सुपरवायझरला ज्युनियर इयरच्या सुरुवातीलाच ईमेल करा, कारण परीक्षेची खिडकी ठरलेली असते आणि सिनियर इयरच्या एप्रिलमधे मिळालेलं सील अर्जाच्या काही कामाचं नाही, अर्ज तर जानेवारीच्या सुरुवातीलाच गेलेले असतात.

इंटरमीजिएट मिड म्हणजे काय असतं ते ऐका, कारण 'आमची मुलगी घरी मराठीच बोलते' असं सगळेच म्हणतात. घरी काय होतं, आपण मराठीत विचारतो आणि त्या इंग्लिशमधे उत्तर देतात. परीक्षेत सलग वाक्यं बोलावी लागतात, काल काय झालं ते सांगावं लागतं, प्रश्न विचारावे लागतात, आणि देवनागरीत टाइप करावं लागतं. आमच्याकडच्या एका मुलीने सरावाला लिहिलं होतं, 'मी आजीला फोन केली आणि ती खूप हसला.' अर्थ शंभर टक्के पोचतो, व्याकरणाचे मार्क जातात, आणि तेवढ्याने काही पातळी हुकत नाही. बिघडतं ते कीबोर्डवर. जोडाक्षर कसं टाइप करायचं हे माहीत नसल्यामुळे मुलं तीन ओळीत आटपतात. फोनवर मराठी कीबोर्ड टाकून द्या आणि आजीला रोज एक मेसेज देवनागरीत पाठवायला लावा, ही सगळ्यात स्वस्त तयारी.

न्यू जर्सीत ग्रॅज्युएशनला भाषेचे ५ क्रेडिट लागतात आणि ते कोर्सऐवजी प्रावीण्य दाखवूनही मिळू शकतात. तुमच्या मुलीला याची गरज नाही, तिचे स्पॅनिशने केव्हाच झाले. पण भारतातून नववी-दहावीत आलेल्या मुलांना याचा मोठा फायदा. तशी मुलं यूसीला अर्ज करणार असतील तर अजून एक, सहावी किंवा त्यापुढची दोन वर्षं मराठी माध्यमात शिकलेली असतील, पास होऊन, तर त्यांची भाषेची अट तिथेच पुरी होते. मार्कशीट जपून ठेवा, इंग्लिशमधे भाषांतर करून घ्या. आणि जे भारतातूनच थेट अर्ज करतात त्यांना हे ४ वर्षांचं टेन्शन जवळपास नसतंच, तिथल्या बोर्डात काय उपलब्ध आहे त्या हिशोबाने वाचतात. आयबीवाल्यांना (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट बोर्ड) तर दुसरी भाषा डिप्लोमातच सक्तीची.

(एक गंमत. अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजचं मराठीचं केंद्र पुण्यात आहे, इकडची कॉलेजातली गोरी पोरं तिथे जाऊन मराठी शिकतात. आणि आपली पोरं रविवारी सकाळी गाडीत बसताना कुरकुर करतात.)

तर आता करायचं काय. कोर्स रिक्वेस्टचं पोर्टल बहुतेक शाळांत जानेवारी-फेब्रुवारीत उघडतं. त्याआधी मुलीला स्वतःला स्पॅनिशच्या शिक्षकांकडे पाठवा, तुम्ही जाऊ नका, आणि विचारायला सांगा की मी ४ ऑनर्सला टिकेन का. ऑनर्स झेपणार नाही असं ते म्हणाले तर साधं ४ घेऊ दे, तेही सोडण्यापेक्षा बरं. मग काउन्सिलरची वेळ घ्या आणि तो पिरियडचा कागद बरोबर न्या. सिनियर इयरला एपी स्पॅनिश घ्यायचं की नाही ते आत्ता ठरवू नका, ४ होऊ दे, अकरावीच्या फेब्रुवारीत बघू. तेव्हा तिने सोडायचं म्हटलं तर मी अडवणार नाही, लेव्हल ४ झालेली आहे आणि त्या जागी काय येतंय तेवढं बघेन.

आणि कॉमन ॲप भरताना प्रोफाइलमधे भाषांचा एक रकाना येतो, किती भाषा येतात आणि प्रत्येकीपुढे चौकटी, पहिली भाषा, बोलता, वाचता, लिहिता, घरी बोलली जाते. मुलं घाईत फक्त इंग्लिश आणि स्पॅनिश भरून पुढे जातात. मराठी टाका. लिहिता या चौकटीवर टिक करायच्या आधी तिला बसवून एक परिच्छेद लिहायला लावा, आला तरच करा, नाहीतर ती एक सोडून बाकीच्या करा.